सगळ्यांचं एकमत झालं म्हणे!

रिपोर्टमध्ये '८० टक्के तज्ज्ञांचं मत' असं छापून आलं की आपण मान डोलावतो. पण हे तज्ज्ञ कोण? त्यांना विचारलं कसं? आणि ज्या २० टक्क्यांना पटलं नाही, त्यांचं पुढे काय झालं? 'डेल्फी' नावाच्या पद्धतीची ही गोष्ट, व्हाया ब्रह्मपुरी.

मीटिंग कुठल्याही ऑफिसातली असो, तिचा एक ठरलेला फॉर्म्युला असतो. प्रोजेक्टर सुरू होतो, चहा येतो, आणि 'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न टेबलावर पडतो. मग शांतता. सगळ्यांच्या नजरा सर्वांत सीनियर माणसाकडे. ते म्हणतात, "मला वाटतं, पुढच्या वर्षी मागणी ३० टक्के वाढेल." त्यानंतर उरलेले नऊ जण बोलतात खरे, पण सगळे २५ आणि ३५ च्या मधलंच काहीतरी बोलतात. संध्याकाळी मिनिट्समध्ये लिहिलं जातं: सर्वानुमते.

हे एकमत नव्हे. हे एका माणसाचं मत आणि त्याचे नऊ झेरॉक्स.

माझं काम रिसर्च डेस्कवरचं. दिवसभर बाजाराचे आणि मॅनेजमेंटचे अहवाल वाचायचे आणि त्यातलं कशावर विश्वास ठेवायचा ते साहेबांना सांगायचं. या अहवालांत एक शब्द वारंवार भेटतो, 'एक्स्पर्ट कन्सेन्सस', म्हणजे तज्ज्ञांची सहमती. नोकरी करता करता एमबीए करणारे मित्रही प्रोजेक्टची वेळ आली की हमखास विचारतात, "डेटा मिळत नाहीये यार, दहा-बारा एक्स्पर्ट गाठून डेल्फी करून टाकू का?" करा, जरूर करा. फक्त ही काय चीज आहे ते आधी समजून घ्या.

देवीचा कौल, पण टपालाने

जुन्या ग्रीसमध्ये डेल्फी नावाचं देवस्थान होतं. तिथली पुजारीण भविष्य सांगायची. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसलाच प्रकार. हे नाव १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतल्या एका प्रकल्पाला दिलं गेलं. गंमत म्हणजे हे नाव पद्धत तयार करणाऱ्यांनाच फारसं आवडलं नव्हतं, कारण त्यांना कौल नको होता, हिशेब हवा होता.

प्रश्न मात्र अंगावर काटा आणणारा होता. शीतयुद्धाचा काळ. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर या दोघांनी ७ तज्ज्ञांना विचारलं, तुम्ही सोव्हिएत रशियाचे युद्धनियोजक आहात असं समजा. अमेरिकेचं शस्त्रास्त्र उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती अणुबॉम्ब लागतील? उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि प्रयोग करून बघण्याचा तर प्रश्नच नव्हता.

सातही जणांना एका खोलीत बसवलंच नाही. प्रत्येकाला वेगळी प्रश्नावली आणि वेगळी मुलाखत. पहिल्या फेरीत सर्वांत कमी आकडा होता ५० आणि सर्वांत जास्त ५,०००. म्हणजे शंभर पटींचा फरक! मग प्रत्येकाने कोणती गृहीतकं धरली ते तपासलं, मागितलेली माहिती पुरवली, इतरांचे मुद्दे नाव न सांगता पोहोचवले आणि पुन्हा विचारलं. अशा ५ प्रश्नावल्या झाल्या. शेवटी सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या साधारण दुप्पट एवढ्यावर आला. विषय गुप्त, त्यामुळे हे सगळं जगासमोर यायला १९६३ साल उजाडलं. आणि छापून आलं कुठे, तर 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात. बॉम्बच्या हिशेबातून निघालेली पद्धत अशी मॅनेजमेंटच्या वर्गात येऊन बसली, ती आजतागायत.

चार अटी, बाकी सगळं सजावट

सर्व्हे खरोखर डेल्फी असेल तर त्यात चार गोष्टी असतातच. एक, निनावीपण. कोण काय म्हणालं ते इतर पॅनेलवाल्यांना कळत नाही. दोन, एकापेक्षा जास्त फेऱ्या. तीन, प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा परत पाठवणं. आणि चार, शेवटचं उत्तर आकड्यांत मांडणं. गूगल फॉर्म एकदा पाठवला, २० उत्तरं आली आणि त्यांचा पाय चार्ट काढला, तर त्याला ओपिनियन पोल म्हणा, डेल्फी नको.

आमच्या गावाचं उदाहरण घेऊ. ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. वैनगंगा ओलांडली की पलीकडे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा लागतो. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसतात का रे?" दिसतात. अभयारण्याबाहेर, शेतालगतच्या जंगलातही दिसतात. पण गावाचं पोट वाघावर चालत नाही, धानावर चालतं. हा सगळा झाडीपट्टीचा धानपट्टा. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि मग राईस मिलचा भोंगा.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला अभ्यासायचंय, 'या भागातल्या राईस मिल पुढची १० वर्षं कशाच्या जोरावर टिकतील?' पहिल्या फेरीत प्रश्न मोकळा ठेवायचा. कुणी म्हणेल सरकारी धानाची भरडाई, कुणी म्हणेल स्वतःचा ब्रँड आणि पॅकिंग, कुणी उष्णा तांदूळ, कुणी कोंड्यापासून तेल. दुसऱ्या फेरीत या यादीला प्रत्येकाने गुण द्यायचे. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याचा स्वतःचा गुण आणि शेजारी पॅनेलचा मधला गुण दाखवायचा आणि विचारायचं, तुम्हाला मत बदलायचंय का? नसेल बदलायचं, तर का नाही, ते दोन ओळींत लिहा.

या 'दोन ओळी' सोन्यासारख्या असतात. समजा १२ पैकी ११ जण भरडाईला पहिला नंबर देतात आणि एकजण शेवटचा. त्याने लिहिलंय, 'सरकारी भरडाईचे पैसे उशिरा मिळाले तर लहान मिलवाला व्याजातच बुडतो.' आता पुढच्या फेरीत ते ११ जण या ओळीचा विचार करतील. पटलं तर गुण बदलतील. मीटिंगमध्ये हाच माणूस तोंड उघडायच्या आधी चहा संपलेला असतो.

हिशेबाचं भूत मानगुटीवर घेऊ नका. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधलं येणारं उत्तर, बरं पडतं. एखाद्याच्या अवाच्या सवा आकड्याने ते हलत नाही. क्रमवारी लावायला सांगितली असेल तर 'केंडॉलचा डब्ल्यू' नावाचं माप वापरतात. ते ० ते १ च्या मध्ये येतं आणि ०.७ च्या वर गेलं की सहमती भक्कम मानतात. पॅनेल किती मोठं हवं? मॅनेजमेंटच्या संशोधनात १० ते १८ जणांचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. २०० लागत नाहीत. इथे मतमोजणी चाललेली नाही, विचारांची घासाघीस चाललीय.

आपल्याकडचे नमुने

आपल्याकडेही हे झालंय, आणि मोठ्या प्रमाणावर. टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान-अंदाज संस्थेने १९९० च्या दशकात '२०२० चा भारत' कसा असेल यावर मोठा उद्योग आरंभला. अध्यक्ष होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. देशभरातले हजारो जाणकार त्यात सामील झाले, डेल्फी पद्धतीच्या प्रश्नावल्याही वापरल्या गेल्या, आणि १९९६ मध्ये २५ अहवाल बाहेर पडले. कलाम आणि वाय. एस. राजन यांचं १९९८ मधलं 'इंडिया २०२०' हे पुस्तक याच कामावर उभं आहे.

मुंबईतलं उदाहरण रिझर्व्ह बँकेचं. २००७ पासून बँक व्यावसायिक अंदाजकर्त्यांचा सर्व्हे घेते. विकासदर, महागाई वगैरेंचा अंदाज अनेक अर्थतज्ज्ञांना विचारायचा आणि मध्यक छापायचा. कुणाचा आकडा कोणता हे छापत नाहीत. हा डेल्फी नव्हे, कारण त्यात उत्तरं परत पाठवून फेऱ्या घेतल्या जात नाहीत. पण 'निनावी विचारा, मधला आकडा घ्या' हे अर्धं तत्त्व तेच आहे.

आणि याचा उपयोग होतो का? जीन रो आणि जॉर्ज राइट या दोघांनी १९९९ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र मांडले. समोरासमोरच्या चर्चेशी केलेल्या तुलनेत डेल्फी ५ वेळा सरस ठरली, १ वेळा हरली आणि २ वेळा बरोबरी झाली. म्हणजे जादू नाही, पण मीटिंगपेक्षा बरी.

पण तज्ज्ञ म्हणजे कोण?

इथे गाडी आमच्या भागात परत येते. ब्रह्मपुरीच्या शेजारचा तालुका नागभीड. तिथल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दुसऱ्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षं गेली. तांदूळ बारीक निघाला, चवीला छान, उताराही चांगला. १९९० च्या सुमारास तो बाजारात आला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज सुपरमार्केटात तुम्ही जो 'एचएमटी राईस' उचलता, त्याची जन्मकुंडली ही आहे.

१९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून ५ किलो बियाणं नेलं, आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावाचं वाण प्रसारित झालं. आपण वाण शुद्ध केलं, अशी विद्यापीठाची भूमिका होती. आपलं नाव आणि मोबदला कुठे गेला, हा दादाजींचा प्रश्न होता. त्यांनी पुढेही काम थांबवलं नाही. डीआरके, नांदेड हिरा, विजय नांदेड अशा एकूण ९ वाणांचं श्रेय त्यांना दिलं जातं. २०१० मध्ये 'फोर्ब्ज'ने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोवर पैशांची ओढाताण काही सुटली नव्हती.

आता कल्पना करा. १९८५ मध्ये कुणी 'विदर्भातल्या धानाचं भविष्य' या विषयावर डेल्फी सर्व्हे केला असता, तर पॅनेलवर कोण असतं? प्राध्यापक असते, कृषी अधिकारी असते, बियाणं कंपनीचे मॅनेजर असते, दोन-चार मोठे मिलमालक असते. प्रत्येकाचा बायोडेटा कडक. तीन फेऱ्या व्यवस्थित झाल्या असत्या, डब्ल्यू ०.८ आला असता आणि रिपोर्ट गुळगुळीत कागदावर छापला गेला असता. आणि त्याच वेळी ज्या माणसाच्या बांधीत पुढच्या काही दशकांचा तांदूळ वाढत होता, त्याला पत्रही गेलं नसतं. कारण निवडीचा निकष असता 'किमान पदव्युत्तर पदवी आणि १० वर्षांचा अनुभव'.

पद्धतीत चूक शून्य, आणि उत्तर अपुरं! म्हणून मॅनेजमेंटच्या संशोधनात जाणकार मार्गदर्शक सांगतात की आधी माणसांची नावं लिहू नका, आधी ज्ञानाचे प्रकार लिहा. आमच्या राईस मिलच्या उदाहरणात मिलमालक हा एक प्रकार. पण मिलचा फिटर, धान मोजणारा हमाल, शहरातला किराणा घाऊकवाला, कर्ज देणारा बँक मॅनेजर आणि बियाणं राखणारा शेतकरी, हे सगळे वेगवेगळे प्रकार. प्रत्येक रकान्यात दोन-तीन माणसं शोधायची. लिंक्डइनवर जो सापडतो तोच तज्ज्ञ, असं धरलं की पॅनेल म्हणजे एकाच कॉलेजचं रियुनियन होतं.

याच गोष्टीत एक वळण आहे, ते मला फार आवडतं. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार दादाजींना मिळाला, तो राष्ट्रपतींच्या हस्ते. राष्ट्रपती होते डॉ. कलाम. हजारो तज्ज्ञांच्या सर्व्हेचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाने तिसरी शिकलेल्या तज्ज्ञाच्या हातात पुरस्कार ठेवला.

एकमत तयारही करता येतं

दुसरा धोका जास्त नाजूक आहे. तिसऱ्या फेरीत तुम्हाला पॅनेलचा मध्यक दाखवतात. समजा तो खोटाच दाखवला तर? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन संशोधकांनी हे करून पाहिलं. पहिल्या फेरीत खालच्या नंबरावर राहिलेल्या एका मुद्द्याला गुण जास्त मिळाले असं मुद्दाम कळवलं. पुढच्या फेरीत तो मुद्दा चक्क वरच्या रांगेत जाऊन बसला. नाव लपवलं तरी माणूस 'चार लोक काय म्हणतात' याकडे सरकतोच.

म्हणजे तिसऱ्या फेरीत आकडे जवळ आले याचे दोन अर्थ होऊ शकतात. एकतर लोकांना एकमेकांचे मुद्दे पटले, नाहीतर लोक कंटाळले. तिसऱ्यांदा तीच प्रश्नावली उघडणारा बिझी माणूस 'द्या मधला नंबर आणि सुटा' असं करू शकतो. शिवाय ज्याला अजिबात पटलेलं नसतं तो अनेकदा उत्तर देणंच बंद करतो. १५ जणांनी सुरुवात केली, १० उरले आणि '९० टक्के सहमती' छापली. त्या ५ जणांसकट मोजलं असतं तर? १९७४ मध्ये हॅरॉल्ड सॅकमन यांनी खुद्द रँडमध्येच बसून डेल्फीवर सडकून टीका केली, तिचा रोख बराचसा असाच होता: तज्ज्ञ नीट निवडलेले नाहीत, आणि एकमत हे सत्याच्या जागी बसवलं जातंय.

म्हणून चांगल्या डेल्फीत फक्त किती जण सरकले हे पाहत नाहीत, कोण आणि का सरकलं तेही पाहतात. आणि जे शेवटपर्यंत हलले नाहीत, त्यांच्या दोन ओळी रिपोर्टमध्ये जशाच्या तशा ठेवतात.

मेंढ्याची ग्रामसभा

निनावीपण हाच एक उपाय आहे का? गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की सुमारे ३० किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. तेही समोरासमोर बसून, नाव-चेहरा उघडा ठेवून! डेल्फीच्या बरोबर उलट.

मग मोठा आवाज लहान आवाजाला खात नाही का? त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. निर्णय घेणाऱ्या सभेपासून अभ्यासगट वेगळा ठेवला. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येऊ शकतात, बोलू शकतात, माहिती देऊ शकतात. निर्णय मात्र गावाचा. आणि दुसरं, एखाद्याला पटलेलं नसेल तर विषय पुढच्या सभेवर ढकलतात. घाई नाही. या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू विकायचा कसा, कोणाला, हा शुद्ध बिझनेसचा निर्णयही मग त्याच पद्धतीने झाला.

रँडची प्रश्नावली आणि मेंढ्याची ग्रामसभा, वरवर पाहता काहीच साम्य नाही. पण दोघांनीही एकच गोष्ट जपलीय: एकट्या पडलेल्या माणसाला आपलं कारण सांगायला पुरेसा वेळ. डेल्फी त्याला नाव लपवून वेळ देते, ग्रामसभा थांबून वेळ देते. आपल्या मीटिंगा दोन्ही देत नाहीत.

कापून डेस्कवर लावा

पुढच्या वेळी 'तज्ज्ञांचं एकमत' समोर आलं किंवा तुम्हालाच ते घडवायचं असेल, तर हे पाच प्रश्न विचारा.

१. पॅनेलवर कोण होतं, आणि कोणत्या प्रकारचं ज्ञान तिथे नव्हतंच? बायोडेटा नको, रकाने मागा.

२. 'सहमती' म्हणजे किती टक्के, हे आधी ठरलं होतं की उत्तरं आल्यावर? आधी ७५ ठरवून ७२ आले तर 'सहमती झाली नाही' असं लिहायची हिंमत हवी.

३. फेऱ्या किती झाल्या, आणि पहिल्या फेरीतले किती जण शेवटपर्यंत टिकले?

४. मत बदलणाऱ्यांनी कारण दिलं का? नुसता आकडा सरकला असेल तर तो दबावही असू शकतो.

५. न पटलेल्यांचं म्हणणं कोणत्या पानावर आहे? कुठल्याच पानावर नसेल, तर रिपोर्ट परत पाठवा.

सहावा प्रश्न आमच्या ब्रह्मपुरीचा: हे उत्तर मोजून किंवा पेरून बघता येतं का? येत असेल तर तज्ज्ञांना त्रास कशाला देता? डेल्फी ही जिथे आकडे नाहीत, प्रयोग शक्य नाही आणि निर्णय तर घ्यायचाच आहे, अशा जागेसाठीच आहे. जिथे बांधी मोकळी आहे, तिथे आधी चार लोंब्या लावून बघायच्या. एकमत काय, मागाहून होतंच.